विश्लेषण : देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ कारंज्यात! वाशीम जिल्ह्यातील या गावात दर्शनापलीकडे पाहावे काय?

समृद्धी महामार्गामुळे वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) नागपूरपासून दोन-अडीच तासांवर आले आहे. महामार्गावरून खाली उतरणाऱ्या बहुतेक गाड्या गुरुमंदिरापाशी थांबतात आणि दर्शन, प्रसाद आटोपून तासाभरात माघारी फिरतात. जुनी पेठ, वेशी, जैन मंदिरे, नॅरोगेजचे स्थानक हे सगळे हाकेच्या अंतरावर असूनही पाहायचे राहून जाते. आज ज्या बाजार समित्यांवरून देशभर वाद झडतात, त्या व्यवस्थेचा पहिला प्रयोगही याच गावात झाला होता.

बाजार समितीची सुरुवात कारंज्यात कशी झाली?

कृषी पणनाच्या पाठ्यपुस्तकांत देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंज्याचे नाव आणि १८८६ हे वर्ष दिलेले असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ते पाठ असते. गावाला भेट देणाऱ्यांना मात्र क्वचितच ठाऊक असते.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना होणारा तिथला कापूस आटला. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापूस भरपूर होता, पण व्यवहारात गोंधळ होता. बैलगाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला भाव उघडपणे कळत नसे. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा पक्का करत. वजने सारखी नसत. त्यातच धर्मादाय, नमुना, हमाली अशा नावांनी कपात होई ती वेगळीच. गिरण्यांना हवा होता स्वच्छ, भेसळ नसलेला आणि ठरल्या वजनाचा कापूस. त्यासाठी हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये कारंज्याचा बाजार नियमांखाली आणला गेला. पुढे १८९७ मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ झाला. बाजारासाठी ठरलेली जागा, परवानाधारक अडते आणि मापारी, देखरेखीला समिती असा तो साचा होता.

त्या समितीत जागा मिळाली ती व्यापाऱ्यांना आणि नगरपालिकेच्या प्रतिनिधींना. ज्याचा कापूस विकला जात होता, त्या शेतकऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ मध्ये देशभर नियंत्रित बाजार उभारण्याची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा हा नमुना त्याच्यासमोर होता. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. २०२० मध्ये केंद्राने आणलेल्या आणि वर्षभराने मागे घेतलेल्या कृषी कायद्यांच्या वेळी जो वाद झाला, तो समितीच्या आवारात भाव कोण ठरवतो याच जुन्या प्रश्नाभोवती फिरत होता. त्यामुळे बाजार समितीचे आवार हे कारंज्यातील पाहण्याचे पहिले ठिकाण मानायला हरकत नाही. सोयाबीन-तुरीच्या हंगामात सकाळी ढिगांभोवती हर्रास चालतो तेव्हा जावे. लिलावात मध्येच उभे राहू नये, फोटो विचारून काढावेत.

त्याआधी गाव किती श्रीमंत होते?

याचे उत्तर मराठ्यांच्या इतिहासात सापडते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० च्या अखेरीस मराठी फौज वऱ्हाडात शिरली आणि कारंज्यावर चालून आली. जदुनाथ सरकार यांनी शिवचरित्रात या मोहिमेचा तपशील दिला आहे. तलम कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज हाती लागला आणि तो वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवे लागली, असे ते सांगतात. गावातील सर्वांत बडा सावकार बायकी वेश करून निसटला, अशी नोंदही त्यात आहे. लुटीचे हे आकडे म्हणजे एका अर्थी त्या काळच्या पेठेचा ताळेबंदच.

त्या वैभवाला तट होता, चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावेच व्यापाराच्या वाटा सांगतात. तट बहुतांश गेला आहे. वेशींची नावे मात्र गावाच्या तोंडी आहेत, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तीच कामी येतात. एका वेशीपासून दुसरीपर्यंत पायी चालणे हा जुने कारंजे समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग. वाटेत जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आणि दगडी जोती अजून दिसतात. दर काही वर्षांनी त्यातला एखादा वाडा पाडून तिथे गाळे उभे राहतात, हेही दिसते.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट इथे प्रत्येकजण सांगतो. उंटांवरून कस्तुरी विकायला आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. कारंज्याच्या एका सावकाराने सगळीच कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या घराच्या चुन्यात ओतली. ही आख्यायिका आहे, पुरावा मागू नये. पण अशी आख्यायिका आपल्याबद्दल रचून घ्यायलाही गावाकडे तेवढी ऐपत लागते.

जैन मंदिरांत काय विशेष?

गुजरात-राजस्थानाकडून आलेल्या व्यापारी घराण्यांसोबत इथे जैन भट्टारकांच्या गाद्या आल्या. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावात असणे दुर्मीळ आहे. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीव काम आवर्जून पाहावे.

खरा ठेवा मात्र दिसत नाही, तो पोथ्यांच्या भांडारांत आहे. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तीत कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ होते. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या मराठी, गुजराती, हिंदी यांच्यामधला टप्पा. तोवर या भाषेतील फारच थोडे साहित्य अभ्यासकांच्या हाती होते. दहाव्या शतकातील कवी पुष्पदंत याचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले, ते १९३१ मध्ये ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त निघाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी याच मालेत आणखी ग्रंथ आणले. सूचीकार हिरालाल वेगळे आणि हे हिरालाल जैन वेगळे. दोघांची गल्लत नेहमी होते. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या गावाने या पोथ्याही शतकानुशतके कापडात बांधून जपल्या. त्या पर्यटकांना दाखवण्यासाठी नाहीत. अभ्यासासाठी पाहायच्या असतील तर विश्वस्तांची परवानगी आधी घ्यावी. १९१८ मध्ये स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रमही इथलाच.

गुरुमंदिराचे महत्त्व काय?

श्री नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान. परंपरेने जन्म इ. स. १३७८ चा मानतात. ‘गुरुचरित्रा’तील ‘करंजनगर’ ते हेच. माधव आणि अंबा यांचा हा मुलगा मुंज होईपर्यंत ओंकाराखेरीज काही बोलत नव्हता, ही कथा दत्तभक्तांच्या घरोघरी माहीत आहे. गुरुवारी आणि दत्तजयंतीला गर्दी फार. गाव पाहायचे असेल तर दुसरा वार निवडलेला बरा.

‘शकुंतला’चे काय झाले?

मुंबई-नागपूर लोहमार्ग टाकला गेला तो मूर्तिजापूरवरून. कारंजा बाजूला राहिले. जुन्या पेठेला हा मोठा फटका होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग कारंजा आणि दारव्ह्यावरून गेला, तो मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी. किलिक निक्सन कंपनीच्या या गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. गेली काही वर्षे गाडी बंद आहे. ब्रॉडगेज करण्याची मागणी जुनी, आंदोलनेही झाली. गरिबाला परवडणारी गाडी गेली ती गेलीच. स्थानकाचा परिसर आणि झुडपांत हरवलेले अरुंद रूळ पाहायला थोडा वेळ पुरतो.

एका दिवसात कसे पाहावे?

सकाळी लवकर पोहोचून आलुबोंडा-रस्सा खावा आणि हर्रासाच्या वेळी बाजार समिती गाठावी. ऊन चढण्याआधी वेशी आणि पेठ पायी पाहून घ्यावी. जैन मंदिरांत जाताना चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात. दुपारी गुरुमंदिर, मग करंज ऋषींच्या नावाशी जोडलेला ऋषी तलाव. हातात वेळ असेल तर संध्याकाळी कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याकडे वळावे. साधारण १८ चौरस किलोमीटरचे हे माळरान आहे, जंगल नव्हे. वाघाच्या अपेक्षेने आलेले निराश होतात. काळवीट मात्र उन्हे उतरताना गवताबाहेर येतात. प्रवेशाच्या वेळा वन विभागाकडे आधी विचाराव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांगही लागलेली असते.