फुकटच्या गवताची किंमत

"ताई, रेडकू भिंतीला डोकं लावून उभं राहिलंय. नुसते कराकरा दात खातंय. लवकर या."

मागच्या वर्षी श्रावणात सकाळी सहाला मावशींचा फोन आला, तेव्हा मी चहा गाळत होते. मावशी म्हणजे आमच्या बचत गटातल्या सर्वांत जुन्या सभासद. गटाच्या कर्जातून त्यांनी म्हैस घेतली होती. पुढे वैरण महाग झाली, तेव्हा "नाल्याकाठी एवढं हिरवंगार गवत आहे, तेच का नाही कापत?" असा शहाणपणाचा सल्ला मीच दिला होता. त्या नाल्याला लागून जुन्या बॅटऱ्या फोडण्याची शेड आहे, हे मला ठाऊक होतं. पण शेडचा आणि गवताचा काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही.

मी पोचले तोवर रेडकाला दिसेनासं झालं होतं. कान फडफडत होते. दुसऱ्या दिवशी ते गेलं. डॉक्टर आले, गोठ्यातली वैरण पाहिली, कुठून आणता ते विचारलं आणि स्वतः नाल्यापर्यंत चालत जाऊन आले. म्हणाले, "शिसं असणार. म्हशीचं रक्त तपासायला पाठवू." अहवालातही तेच आलं.

म्हैस वाचली. पण मैत्रिणींनो, ती गेलं वर्षभर कुरकुरतच होती, हे आम्हाला तेव्हा आठवलं. विताना वार अडकली. दोनदा कासेला दगडी झाली. दूध कमी झालं. आम्ही काय केलं? मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली! या सगळ्याला शिसंच कारणीभूत होतं असं मी म्हणणार नाही. दगडी अस्वच्छ गोठ्यानंही होते. पण डॉक्टरांनी जे समजावलं, ते ऐकून मी गप्प झाले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द ऐकून बावरलेच. डॉक्टर म्हणाले, "सुकं खोबरं उघडं राहिलं की काय होतं?" म्हटलं, खवट होतं. "झालं तर! हवेतल्या ऑक्सिजननं त्यातलं तेल बिघडतं. जनावराच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणातही स्निग्ध पदार्थ असतात. श्वास घेताना, अन्नाचं दूध करताना शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात, ते या आवरणाला असंच बिघडवतात. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि शरीर स्वतः बनवतं ते ग्लुटाथायोन त्यांना आवरतात. शिसं आत गेलं की हे कण वाढतात, आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोनच खर्ची पडतं."

आपण चेहऱ्यावर सुरकुत्या पडू नयेत म्हणून आवळा, गाजर, अँटिऑक्सिडंट असं सगळं वाचतो. दुभत्या जनावराला त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त! विण्याच्या आगेमागे तर तिच्या शरीरावर आधीच ताण असतो. त्यात विषाची भर पडली की आजाराशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. मग कासदाह, वार अडकणं, पुन्हापुन्हा उलटणं, हे मागे लागतं.

देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं 1 फेब्रुवारी 2000 पासून. पण मातीत पडलेलं शिसं कुजत नाही की वाहून संपत नाही, आणि बॅटऱ्या तर आता घरोघरी आहेत. इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कारखान्यांच्या आसपासच्या दुभत्या गायी तपासल्या होत्या. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. शिसं आणि जस्त गाळणाऱ्या कारखान्याजवळच्या गायींच्या रक्तात शिसं सर्वांत जास्त सापडलं, आणि रक्तात वाढलं तसं दुधातही.

दुधाचं ऐकून गटाच्या बैठकीत गोंधळ उडाला. "उकळलं की झालं," एकजण म्हणाली. उकळून जंतू मरतात हो, शिसं कुठं जाणार? दूध आटवलं तर उलट ते दाटच होईल. आणि संकलन केंद्रावर फॅट बघतात, एसएनएफ बघतात. शिसं कोण बघतंय?

आमच्या भागातले गोठे मग मी मुद्दाम फिरून पाहिले. एका घरी जुन्या दाराच्या फळ्यांची गव्हाण केलेली, हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला आणि वासरू तो चाटतंय! जुन्या तेलरंगात शिसं असायचं. दुसरीकडे डास जावेत म्हणून संध्याकाळी टायरचा तुकडा जाळतात. तो धूर जनावराच्या छातीत जातो आणि त्यातली विषं चरबीत साठून दुधावाटे बाहेर पडतात. त्यापेक्षा कडुनिंबाचा पाला परवडला, नाहीतर मच्छरदाणी.

डॉक्टरांनी मावशींना रोज खनिज मिश्रण द्यायला सांगितलं. फॉस्फरस कमी पडला की जनावर माती, हाडं, लोखंड काहीबाही चाटत सुटतं, आणि कॅल्शियम कमी असलं की आतडी शिसं जास्त ओढून घेतात. जीवनसत्त्व ई हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं, वाळलेल्या कडब्यात फारसं उरत नाही. म्हणून थोडा का होईना लसूणघास हवा, मात्र स्वच्छ जागचा. सेलेनियम मनानं देऊ नका, ते जास्त झालं तर तेही विषच.

रक्ताचा अहवाल नीट येईपर्यंत दूध विकायचं नाही, प्यायचं नाही, असं ठरलं. चार महिने मावशी रोज धार काढायच्या आणि बादली खड्ड्यात ओतायच्या. त्यातले तीन हप्ते मी भरले. "तू कशाला?" असं घरात विचारलं गेलं. नाल्याकाठचं गवत कापा असं सांगणारी मीच होते, हे घरात कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा सांगितलं.

शेडबद्दल नगरपालिकेत दोन अर्ज दिले, पोच घेतली. आता म्हैस पुन्हा गाभण आहे. मावशींनी परसात तीन गुंठे लसूणघास लावलाय. परवा बाजारातून येताना नाल्याकडे पाहिलं, तर गवत कमरेइतकं वाढलेलं आणि वरच्या आळीतल्या दोघी विळे घेऊन बसलेल्या. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना हाक मारली.