चायनीज जेवण आणि रक्तदाब

नंदाखालहून मुंबईला खरेदीला गेलेली मंडळी बरेचदा चायनीज हॉटेलात जेवून परततात. मग रात्री घशाला कोरड पडते आणि दोष अजिनोमोटोला दिला जातो. १९०८ साली जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनी समुद्रशेवाळातून शोधलेला हा पदार्थ माफक प्रमाणात बहुतेकांना बाधत नाही. खरी काळजी मिठाची घ्यावी. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे २ ग्रॅम मीठ असते! म्हणून घरी पापड, लोणचे, सुकी मासळी टाळणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी ऑर्डर देतानाच सॉस कमी घालण्यास सांगावे, साधा भात मागवावा, मंचुरियनचा रस्सा ताटातच ठेवावा. रक्तदाबाची गोळी मात्र चुकवू नये.