गच्चीवरची लांब तार

वळवाच्या दिवसांतली दुपार होती. आमच्या सरकारी रुग्णालयात २२ वर्षांच्या एका मुलाला आणले. हॅम रेडिओचा नवा छंद. अँटेनासाठी त्याने तारेला दगड बांधून गच्चीवरून रस्त्यापलीकडच्या झाडावर फेकला. मध्ये ११ हजार व्होल्टची वाहिनी होती. तळहातावर जखम रुपयाएवढी, आतले स्नायू मात्र कोपरापर्यंत जळालेले. विजेचे भाजणे असेच फसवे असते. जळालेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे मायोग्लोबिन मूत्रपिंडेही बंद पाडू शकते. मुलगा वाचला, पण उजवा हात गेला.

छंद वाईट नाही. २००४च्या त्सुनामीत अंदमानातले निरोप हॅम मंडळींनीच पोहोचवले. अडचण जागेची आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २० मीटर लागते आणि गच्ची असते जेमतेम १२ मीटर. म्हणून लोक तार रस्त्यापलीकडे नेतात. त्याची मुळीच गरज नाही.

केबल मधोमध जोडलेल्या अशा तारेत प्रवाह मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि लहरी मुख्यतः तिथूनच निघतात. मधली १२ मीटर तार उंच व सरळ ठेवा. उरलेली चार-चार मीटरची टोके कठड्याच्या बाजूने काटकोनात वळवा. लांबी थोडी कमी-जास्त करून जुळवावी लागेल, क्षमताही किंचित घटेल, पण रेडिओ चालेल.

टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक असते. प्रक्षेपण चालू असताना हात लागला तर चांगलाच चटका बसतो. म्हणून टोके हात पोहोचणार नाही इतकी उंच, कपड्यांच्या तारांपासून दूर, नायलॉनच्या दोरीने बांधा. खांब किंवा तार कोसळली तरी विजेच्या वाहिनीपर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर ठेवा. काम संपले की केबल रेडिओपासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

एखाद्याला वाहिनीचा धक्का बसलाच, तर त्याला धरू नका. वीजपुरवठा बंद करण्यासाठी १९१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जा. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. जखम लहान दिसली, तरी रुग्णालयात न्याच.

तो मुलगा आता डाव्या हाताने मोर्स पाठवतो. त्याची अँटेना त्याच गच्चीत मावली आहे.