एका विषयाचे अपुरेपण

महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास आपण पहिला प्रश्न विचारतो तो, “कोणता विषय घेणार?” हा. प्रश्न एकवचनी आहे, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. उत्तरही एकवचनी येते आणि पुढील तीन-चार वर्षे त्या उत्तराभोवती कुंपण उभे राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्ययनाचा पुरस्कार करून या कुंपणास काही दारे ठेवली खरी. परंतु त्या दारांतून जावयाचे कशासाठी, हे विद्यार्थ्यास क्वचितच सांगितले जाते. ‘व्यक्तिमत्त्वविकासासाठी’ हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण ते फार मोघम आहे. म्हणून तत्त्वचर्चेऐवजी आम्ही येथे एका उदाहरणाचाच विचार करणार आहोत.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूर हे गाव २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. जवळून प्राणहिता वाहते. नदीपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आहे. तेलुगू, मराठी व गोंडी या भाषा या परिसरात शेजारधर्माने नांदतात. बेज्जूरच्या वनक्षेत्रात पालरापू नावाचा एक उंच कडा आहे. २०१३ च्या सुमारास या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली आणि वनखात्याने तिच्या रक्षणाचा उपक्रम हाती घेतला. मूठभर गिधाडांचे एवढे अप्रूप का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एके काळी गिधाड हा आपल्याकडील अगदी सामान्य पक्षी होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक, तर लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्के घटली. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेतील संशोधकांनी ही घट प्रथम नोंदवली ती भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात. पण कारण काय? पक्षितज्ज्ञ मोजणी करू शकत होते; मृत्यूचा उलगडा त्यांच्या विषयात नव्हता. रोगतज्ज्ञांनी प्रथम साथीच्या रोगाचा संशय धरला. परंतु तसा रोगजंतू सापडेना.

उलगडा झाला तो एका वेगळ्याच प्रश्नातून. पाकिस्तानातील मृत गिधाडे तपासताना लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांना असे दिसले की, पुष्कळ पक्षी मूत्रपिंड निकामी होऊन मेले आहेत. तेव्हा, हे पक्षी खातात ते काय, असा प्रश्न पुढे आला. गिधाडे मेलेली गुरे खातात. मग त्या गुरांना मरण्यापूर्वी काय दिले जाते? त्यांनी पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली आणि संशय डायक्लोफेनॅक या स्वस्त वेदनाशामकावर येऊन ठेपला. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ गिधाडांपैकी पंचविसांतही या औषधाचा अंश सापडला. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही तो नव्हता. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांतील एकाहूनही कमी मृत गुरांत विषारी मात्रा असली तरी एवढा संहार घडू शकतो, हे पुढे गणिताने दाखवून दिले.

येथेही प्रश्न संपला नाही. म्हाताऱ्या, लंगड्या बैलाला शेतकरी औषध देतो यामागे शेतीचे अर्थकारण आहे. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले जाते यामागे धर्म, रूढी आणि जातिव्यवस्था आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकारच मर्यादित करावा लागला. हा झाला कायद्याचा प्रांत. गिधाडे गेल्यावर सडके मांस उरले, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे पाच लाख माणसांचे अधिक मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार मृत्युनोंदींवरून मांडला. ज्या पक्ष्याचे नाव मराठीत आपण शिवीसारखे वापरतो, तो आपले आरोग्य राखीत होता!

येथे अशी शंका निघेल की, अनेक विषयांच्या मागे लागल्यास एकाही विषयात खोली येणार नाही. ही शंका रास्त आहे. वरील उदाहरणातही प्रत्येक टप्प्यावर खोल ज्ञानच उपयोगी पडले; उथळ बहुश्रुतपणाने मूत्रपिंडाची परीक्षा होत नाही. परंतु जाणत्यास एक गोष्ट अधिक कळावी लागली: आपला विषय कोठे संपतो आणि पुढचा प्रश्न कोणास विचारावयाचा. दुसरा विषय शिकावयाचा तो त्यात पारंगत होण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या विषयाची शीव ओळखण्यासाठी, असे आमचे मत आहे.

साहित्य व भाषा यांच्या अध्यापकांनी हा विचार परक्यांसाठी आहे असे मानू नये. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानात प्रशासकीय अधिकारी होते. याच आदिलाबाद जिल्ह्यात काम करताना ते गोंडी व कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. इतिहासाच्या या अभ्यासकाने जाणले की, ज्यांच्या जमिनीचा निवाडा करावयाचा त्यांची भाषा कळल्यावाचून न्यायही नीट होत नाही.

गिधाडांच्या बाबतीतही भाषेकडे एक काम उरलेच आहे. शास्त्रीय मोजणी अलीकडची आहे. त्यापूर्वी कोणत्या कड्यावर, कोणत्या झाडांवर हे पक्षी बसत, याची स्मृती प्राणहितेच्या दोन्ही तीरांवरील वृद्धांच्या बोलण्यात आणि स्थळांच्या नावांत शोधावी लागेल. ती टिपून घेणारा विद्यार्थी मराठीचा, तेलुगूचा किंवा गोंडीचा असेल. पण पक्षिशास्त्राची तोंडओळख नसेल, तर ऐकलेल्यातले काय महत्त्वाचे हे त्यास उमगणार नाही. उलटपक्षी, पक्षिशास्त्राच्या विद्यार्थ्यास भाषा येत नसेल, तर त्याला ते ऐकूही येणार नाही. हे वृद्ध आणखी किती काळ सांगावयास असतील?

तेव्हा नव्या वर्षी विद्यार्थी आपल्यासमोर येईल, त्या वेळी “कोणता विषय घेणार?” एवढेच विचारून आपण थांबू नये. “आणि त्याच्या शेजारी कोणता?” हेही विचारावे.