आधी ओझं, मग थैली

भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते आहे वरठीला, आणि वरठी मोहाडी तालुक्यात. बाहेरगावचा पाहुणा इथे हमखास फसतो, मग हातातली बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ऑटो शोधतो. याच फलाटावर बसून मी काही सकाळी फक्त लोकांच्या बॅगा पाहत होतो. नागपूरला कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर काळ्या सॅक. पोलाद कारखान्याच्या पाळीवर निघालेल्यांच्या हातात डब्याची उभट थैली. बियाण्याच्या कंपनीचं नाव छापलेली पिवळी पिशवी तर सगळीकडेच. आणि एका आजींकडे निळ्या-पांढऱ्या वायरची विणलेली बास्केट. ती निदान तीस वर्षांची असावी, पण तिचा एकही वेढा सुटलेला नव्हता.

माझी स्वतःची बॅग तेव्हा दोन महिन्यांची होती आणि तिची चेन उघडी पडली होती. दुकानदाराने ‘साहेब, सहाशे डेनियरचा माल आहे’ असं छातीठोक सांगितलं होतं. मीही मान डोलावली होती. डेनियर म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्यालाही बहुधा सांगता आलं नसतं.

पुढे शोधलं तेव्हा गंमत कळली. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. हे माप आलं रेशमाच्या व्यापारातून, आणि नाव फ्रान्समधल्या एका जुन्या नाण्यावरून. म्हणजे पॉलिस्टरच्या सॅकवर मिरवणारा हा आकडा मुळात रेशीम मोजणाऱ्यांचा आहे! तुतीच्या रेशमाचा एक तंतू दोन-तीन डेनियरचा असतो. आमच्याकडच्या कोशाचा (टसर रेशमाचा) तंतू त्याहून कितीतरी जाड, साधारण दहाच्या आसपास. सॅकच्या कापडाचं माप जिथून आलं तो धंदा शोधायला मला कुठे लांब जायचं नव्हतं. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठीच ओळखलं जातं.

मोहाडी गावात चौंडेश्वरीचं मंदिर आहे. नवरात्रात दर्शनाला रांगा लागतात, पण रांगेतल्या किती जणांना ठाऊक असतं की चौंडेश्वरी ही विणकरांची, कोष्टी समाजाची कुलदेवता आहे? कथा अशी की देवल ऋषी देवांसाठी वस्त्र विणायला विष्णूच्या नाभीतून धागा घेऊन निघाले. वाटेत राक्षसांनी गाठलं, तेव्हा देवी धावून आली. धागा सुखरूप घरी पोहोचवणारी देवता! मला तर ही सामान जपणाऱ्यांचीच देवी वाटते.

कोशाचा धागा घरापर्यंत येतो तोही जपतच. कोशाची अळी तुतीच्या अळीसारखी घरातल्या तबकात वाढत नाही. ती जंगलात, ऐनाच्या (आमच्याकडे येन म्हणतात) आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते. पूर्व विदर्भात हे काम मुख्यतः ढिवर समाजातली कुटुंबं करत आली. मासेमारीसोबतचा हा त्यांचा जोडधंदा. पाखरं, मुंग्या, अवकाळी पाऊस यांपासून अळ्या राखायच्या, पाला संपला की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या. कोसा कडक असतो, तो उकळून मऊ केल्याशिवाय धागा सुटत नाही. पूर्वी बाया तो मांडीवर वळून काढत. त्याचा मधासारखा रंग निसर्गाचाच, रंगारी नंतर येतो.

या धाग्याची विदर्भातली ओळख म्हणजे करवतकाठी. काठाला करवतीसारखे दाते, म्हणून हे नाव. काठाचा धागा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत अडकवत न्यायचे म्हणून तीन धोटे लागतात. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकनाने माग चालतोच असं मात्र नाही. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून हातमागवाल्यांची गिरणीच्या कापडाशी चाललेली लढत संपलेली नाही. पुढे यंत्रमाग आले, नकली कोसा आला, पोरं नोकरीला गेली.

पण विषय बॅगेचा आहे.

कोसा आणि सॅक यांच्या मधे आमच्या भागात आणखी एक थैली आहे, जिला कुणी बॅग म्हणत नाही. बारदाना. भंडारा धानाचा जिल्हा. हंगामात खरेदी केंद्रावर माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘बारदाना आला का?’ हाच असतो. १९८७ च्या ज्यूट पॅकेजिंग कायद्याने सरकारी धान्यासाठी ज्यूटच्या पोत्याला राखीव जागा मिळाली. पन्नास किलोच्या ठरावीक पोत्याचं स्वतःचं वजन किती? ५८० ग्रॅम. म्हणजे आपल्या वजनाच्या जवळजवळ ८६ पट ओझं ते पोतं उचलतं. त्यातलं धान संपलं की त्याच पोत्याची (आमच्याकडे चुंगडी म्हणतात) घडी करून पावसात डोक्यावर खोळ घेतात, दारात पायपुसणं करतात, चुलीजवळ बसकूर करतात. इतकं काम करणारी दुसरी थैली मी पाहिलेली नाही.

आता घरच्या तराजूवर तुमची ऑफिसची बॅग रिकामी ठेवून बघा. माझी एक किलो दोनशे भरली. डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि कागद मिळून जेमतेम साडेतीन किलो. म्हणजे वाहतो त्यातला चौथा हिस्सा बॅगच होती. आत लॅपटॉपचा गुबगुबीत कप्पा होता आणि माझ्याकडे लॅपटॉप नाही.

ओझ्याचा हिशेब लहान मुलांनी आपल्याला शिकवला होता, तोही शेजारच्या चंद्रपुरात. ऑगस्ट २०१६ मध्ये सातवीतल्या दोन विद्यार्थ्यांनी तिथल्या पत्रकारांसमोर दप्तराच्या वजनाबद्दल पत्रकार परिषद घेतली. रोज पाच ते सात किलो पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी लेखक आर. के. नारायण राज्यसभेत बोलायला उभे राहिले ते दप्तराच्या ओझ्यावरच. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असं सांगितलं आहे. मोठ्यांसाठी असं धोरण कुणी करत नाही. पण पंचावन्न किलोच्या बाईने रोज एकाच खांद्यावर सात किलो वागवले तर तो खांदा कुठे तक्रार करणार?

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तिकीट अर्धं झालं, ओझं होतं तेवढंच राहिलं. भरल्या गाडीत उभ्याने जायचं तर एक हात दांडीला हवा, म्हणजे हातात धरायची देखणी पर्स बाद. पाठीवरची सॅक मागच्याच्या तोंडावर आदळते आणि तिच्या चेनवर आपली नजर राहत नाही. मला विचाराल तर तुमसर–भंडारा रस्त्यावर सगळ्यात कामाची ती रुंद पट्ट्याची, एका खांद्यावरून आडवी घेता येणारी थैली. एकेकाळी समाजवादी कार्यकर्ते आणि कवी मिरवायचे त्या शबनमचीच ही धाकटी बहीण. शबनमचा दोष एकच, तिला झाकण नव्हतं. एसटीने ब्रेक मारला की कवितेसकट सगळं सीटखाली.

प्लास्टिकबंदीनंतर थैली पुन्हा घराबाहेर पडली. महाराष्ट्राची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, अंमल २३ जूनपासून, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. मग समारंभात अहेर म्हणून कापडी पिशव्या वाटायची टूम निघाली आणि घराघरांत दाराच्या खुंटीला वीस-वीस पिशव्या लोंबू लागल्या. हा शुद्ध वेडेपणा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. हवामानावरच्या परिणामात पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. वीस पिशव्या आळीपाळीने नेणाऱ्याने त्याला किती वर्षं लागतील ते मोजावं. जुन्या लुगड्याच्या किंवा पँटच्या कापडाची शिवलेली पिशवी या हिशेबात केव्हाच पास होते. ते कापड आधीच एक जन्म जगलेलं असतं.

दुकानात गेलात तर बॅग आधी आतून उलटी करा. अस्तराच्या कडा झाकलेल्या आहेत की सुटे दोरे दिसतात, ते बघा. पट्टा जिथे अंगाला जोडलाय तिथे टीप चौकटीत आणि त्यात फुली अशी हवी, नुसती आडवी एक टीप पुरत नाही. पट्टा दुप्पट रुंद असला तर तेवढंच ओझं दुप्पट जागेवर पसरतं, म्हणून बोटभर पट्टीच्या फॅशनला भुलू नका. रनरच्या मागे बहुधा आकडा असतो. चेन बंद केल्यावर दात साधारण तितके मिलिमीटर रुंद भरतात. रोजच्या तोंडाला पाचच्या खालची चेन नको. माझी गेली ती तीनची होती. डेनियर म्हणजे फक्त धाग्याची जाडी, विणीची घट्टी त्यात नाही, तेव्हा कापड उजेडासमोर धरून बघा. रेक्झीन टाळा, आमच्या मे महिन्यात त्याचे पापुद्रे निघतात. आणि पाऊस नुसता कापडातूनच नाही, टाक्यांच्या भोकांतून आणि चेनीतूनही शिरतो.

राहिलं देखणेपण. कोशाची थैली करावी का? भाजीसाठी अजिबात नको, कोसा घासला की त्याचे तंतू सुटतात आणि हळदीचा डाग जात नाही. पण जाड सुती कापडाचं अंग, आत अस्तर, आणि दर्शनी बाजूला करवतीच्या काठाची एक पट्टी, ही थैली ऑफिसला, लग्नाला, बँकेला कुठेही शोभते. फक्त कोसा खरा हवा. सुटा धागा जाळून बघा. खऱ्याला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आंधळगावला गेलात तर पूर्ण साडीच घ्यायला हवी असं काही नाही. काठाचे उरलेले तुकडे आहेत का, ते विचारून बघा, आणि विणकर सांगेल त्या भावाला घ्या. गावातल्याच शिंप्याकडून थैली शिवून घ्या. पट्टा मात्र खाटेच्या नवारीचाच लावा.