मेंदे लिपींतील अंक व त्यांची संगणकीय नोंद

जुन्या कागदावरील अंक ओळखून त्याचे जागीं प्रचलित अंक लिहिला, कीं वाचन पुरें झालें, असें नकलकारास वाटतें. त्यानें अर्थ साधतो, पण पुरावा कधीं कधीं नाहींसा होतो. याचें एक बोधप्रद उदाहरण पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन देशाच्या मेंदे लोकांच्या किकाकुई लिपींत आम्हांस आढळतें.

ही लिपि इ. स. १९१७ चे सुमारास महंमद तुराय यानें आरंभिली व १९२१ मध्यें किसिमी कमारा यानें वाढविली. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. तींत पत्रें व हिशेब लिहिले जात. १९४० नंतर रोमन अक्षरांस सरकारी आश्रय मिळाल्यावर तिचा प्रचार ओसरला.

या लिपींत १ ते ९ यांस चिन्हें आहेत, शून्य नाहीं. दशक, शतक, सहस्र हीं अंकाच्या स्थानावरून नव्हे, तर त्याखालीं जोडलेल्या खुणेवरून कळतात. ३०५ लिहावयाचे तर शतकाची खूण जोडलेला तीन व शेजारीं नुसता पांच, एवढेंच पुरतें. ११ ते १९ यांकरितां एक निराळीच खूण आहे.

युनिकोड या जागतिक वर्णसंकेतांत प्रत्येक चिन्हास क्रमांक देतात. त्याच्या ७.० या आवृत्तींत (२०१४) या लिपीस २१३ क्रमांक मिळाले: १९७ अक्षरें, ९ अंक व ७ खुणा. प्रत्येक जोडाकृति स्वतंत्र न नोंदतां लिहिण्याची रीतच नोंदली, यांत योजकांचें मर्म आहे. शिवाय हे अंक स्थानमूल्याचे म्हणून नोंदलेले नाहींत. त्यामुळें तीन व पांच शेजारीं दिसले म्हणून यंत्रानें पस्तीस समजावयाचें नाहीं.

ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांतही शतकाच्या व सहस्राच्या चिन्हांस अंक जोडून मोठ्या संख्या लिहिल्या आहेत. ब्राह्मी अंक जोडण्याचा संकेत व आपली मोडी लिपि हींही युनिकोडच्या त्याच आवृत्तींत दाखल झालीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति, कीं नक्कल करतांना मूळ चिन्हें जशींच्या तशीं उतरावीं व प्रचलित किंमत बाजूस द्यावी. केवळ ३०५ लिहिलें, तर त्यांतील शून्य नकलकाराचें असतें, मूळ लेखकाचें नव्हे.