नव्या संगणकात जुना सूर

बारा-पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या गाण्याचा प्रोजेक्ट नव्या संगणकावर उघडला, की पुष्कळदा गाण्याच्या आधी एक यादी समोर येते. ती असते न सापडलेल्या प्लगिन्सची. ट्रॅक जागच्या जागी दिसतात, कीबोर्डवर वाजवलेल्या मिडी नोट्स, म्हणजे कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याच्या नोंदीही शाबूत असतात. पण ज्या सिंथवर, म्हणजे संगणकातल्या वाद्यावर, सुरुवातीची धून बसवली होती तो सिंथच हजर नसतो. गायिकेच्या आवाजाभोवती सभागृहाचा घुमार उभा करणारा रीव्हर्बही नाहीसा झालेला असतो. फाइल बिघडलेली नसते आणि कोणी काही पुसलेलेही नसते. संगणक, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आणि संगीताचे सॉफ्टवेअर मधल्या काळात पुढे निघून गेलेले असते.

हा प्रश्न आता बड्या स्टुडिओंपुरता राहिलेला नाही. एखादा लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, माइक आणि छोटा कीबोर्ड एवढ्या सामानावर आज घरातल्या एका खोलीत गाणी, जिंगल्स, नाटकांचे पार्श्वसंगीत तयार होते. क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ किंवा रीपर हे मुख्य सॉफ्टवेअर. त्याला होस्ट म्हणतात. त्याच्या पोटात बसून काम करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगिन. काही प्लगिन्स आवाजावर संस्कार करतात, तर काही स्वतःच वाद्य असतात. स्वित्झर्लंडमधल्या स्वर सिस्टिम्स या कंपनीने तर तबला, सतार अशी भारतीय वाद्ये ‘स्वरप्लग’ नावाच्या प्लगिनमधून जगभरच्या संगणकांवर नेली.

प्लगिन्सच्या या प्रसाराला मोठी चालना जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातून मिळाली. तिथल्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्युबेसबरोबर व्हीएसटी ही पद्धत आणली. होस्टने प्लगिनला आवाज कसा द्यायचा आणि प्लगिनने तो कसा परत करायचा, याचे नियम तिने ठरवून दिले. १९९९ मध्ये व्हीएसटीची दुसरी आवृत्ती आली आणि प्लगिनला मिडी नोट्स कळू लागल्या, म्हणजे वाद्यही प्लगिनच्या रूपात अवतरू शकले. हे नियम स्टाइनबर्गने इतरांनाही खुले केले. मग कंपन्यांबरोबरच विद्यार्थी, हौशी प्रोग्रॅमर, एकट्याने काम करणारे संगीतकार अशा असंख्य लोकांनी प्लगिन्स लिहिली. यातली बरीच फुकट होती आणि काहींचा आवाज दुसरीकडे कुठेच मिळत नसे.

पण एकट्या माणसाने लिहिलेले प्लगिन त्याच्याच भरवशावर जगते. त्याने नोकरी बदलली, वेबसाइट बंद केली किंवा मूळ कोड हरवला, की ते प्लगिन पोरके होते.

प्लगिन्सना पहिला मोठा धक्का बसला तो सॉफ्टवेअर ३२ बिटकडून ६४ बिटकडे जाताना. ३२ बिटचा प्रोग्रॅम जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी वापरू शकतो. पियानोची प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळ्या दाबाने वाजवून रेकॉर्ड केलेल्या मोठ्या ध्वनिसंग्रहांना ही जागा अपुरी पडू लागली. बदल गरजेचाच होता. अडचण अशी, की ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचे प्लगिन थेट आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. प्रो टूल्सची ११वी आवृत्ती आणि लॉजिक प्रो एक्स २०१३ मध्ये पूर्ण ६४ बिटचे झाले. क्युबेस ९ ने २०१६ मध्ये तीच वाट धरली आणि एबलटन लाइव्ह १० ने २०१८ मध्ये. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने तर ३२ बिटचे सगळेच प्रोग्रॅम बंद केले.

विंडोजवर मात्र ३२ बिटचे प्रोग्रॅम अजून चालतात, आणि त्यावरच ‘ब्रिज’ नावाची युक्ती उभी आहे. जेब्रिज हे यातले गाजलेले नाव. रीपरमध्ये तर ही सोय आतच आहे. ब्रिज जुन्या प्लगिनसाठी एक वेगळा ३२ बिटचा मदतनीस प्रोग्रॅम सुरू करतो आणि तो होस्ट व प्लगिन यांच्यामध्ये दुभाष्यासारखा बसतो. ऐकायला सोपे वाटले, तरी हे काम फार घाईचे असते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. होस्ट हा आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो आणि तुकड्याचा आकार म्हणजे बफर. तो २५६ नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक तुकड्यासाठी ६ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात होस्टने तो तुकडा सामाईक मेमरीत ठेवायचा, मदतनीसाने उचलून प्लगिनला द्यायचा, प्लगिनने त्यावर काम करायचे आणि आवाज परत पाठवायचा. उशीर झाला की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. जुनी प्लगिन्स बरीच असतील तर बफर वाढवावा लागतो. मग कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. मिक्सिंगच्या वेळी हे चालून जाते, वाजवताना मात्र बोटांना जाणवते. या व्यवस्थेचा एक फायदाही आहे. जुने प्लगिन कोसळले तर बहुधा मदतनीसच बंद पडतो, गाणे वाचते.

दुसरा धक्का नियमांच्याच बदलाचा. स्टाइनबर्गने २००८ मध्ये व्हीएसटी ३ आणले. २०१८ मध्ये जुन्या व्हीएसटी २ ची साधने नव्या निर्मात्यांना देणे थांबवले, आणि आपल्या सॉफ्टवेअरमधूनही व्हीएसटी २ काढून टाकणार असल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. इतर अनेक होस्ट जुनी प्लगिन्स अजून चालवतात. पण इथे एक बारीक अडचण आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये प्लगिनची नोंद ओळखक्रमांकाने होते. व्हीएसटी २ मध्ये हा क्रमांक चार अक्षरांचा होता, व्हीएसटी ३ मध्ये तो १६ बाइटचा झाला. त्यामुळे एकाच प्लगिनची नवी आवृत्ती होस्टला परकी वाटू शकते. दोन्ही एकच असल्याची नोंद निर्मात्याने करून ठेवली असेल, तर जुना प्रोजेक्ट नव्या प्लगिनवर उघडतो. नसेल, तर प्रत्येक बटण हाताने पुन्हा लावावे लागते. म्हणूनच व्हीएसटी ३ बसवल्यावर व्हीएसटी २ ची फाइल लगेच उडवू नये.

मॅकवाल्यांना तिसरा धक्का प्रोसेसरचा बसला. २०२० पासून ॲपलने इंटेलऐवजी स्वतःच्या चिप वापरायला घेतल्या. इंटेलसाठी लिहिलेली प्लगिन्स चालावीत म्हणून रोझेटा २ ची सोय दिली, पण ती कायमची नाही. मॅकओएस २७ नंतर ही सोय काही जुन्या गेम्सपुरतीच मर्यादित राहील, असे ॲपलने २०२५ मध्ये सांगितले आहे. परवान्यांचीही अशीच गत. स्टाइनबर्गची यूएसबी डोंगलवर चालणारी ई-लायसेन्सर सेवा २०२५ मध्ये बंद झाली. पैसे मोजून घेतलेले प्लगिनसुद्धा चालू राहण्यासाठी अनेकदा कोणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून असते.

प्लगिनचे भवितव्य कशावर ठरते, हे दोन सिंथच्या कहाण्यांतून स्पष्ट दिसते. कॅमल ऑडिओ कंपनीचा अल्केमी हा सिंथ मॅक आणि विंडोज दोन्हींवर लोकप्रिय होता. २०१५ मध्ये ॲपलने ही कंपनी विकत घेतली. स्वतंत्र अल्केमीची विक्री थांबली आणि नवा अल्केमी त्याच वर्षी लॉजिकमध्ये आला. लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, त्यामुळे विंडोजवर काम करणाऱ्यांचा रस्ता तिथेच संपला. सर्ज या सिंथचे नशीब वेगळे निघाले. क्लेस योहानसन यांनी व्हेंबर ऑडिओ या नावाने तो विकला होता. २०१८ मध्ये त्यांनी त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो हाती घेऊन दुरुस्त केला, वाढवला. आज सर्ज एक्सटी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट मिळतो आणि ॲपलच्या नव्या चिपवरही चालतो. दोन्ही सिंथ उत्तमच होते. एकाचा कोड खुला झाला, दुसऱ्याचा झाला नाही.

नियमांच्या पातळीवरही हाच विचार पुढे आला आहे. बर्लिनमधल्या बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी २०२२ मध्ये क्लॅप ही नवी पद्धत जाहीर केली. तिचा परवाना मुक्त असल्यामुळे कोणी एक कंपनी ती मागे घेऊ शकत नाही.

तरीही ब्रिज, रोझेटा, जपून ठेवलेला जुना लॅपटॉप हे सगळे मुदत वाढवण्याचे उपाय आहेत. जे काम आज अर्धवट आहे, त्यासाठी ते जरूर वापरावेत. पण पूर्ण झालेले गाणे प्लगिनच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीच्या निर्माते व ध्वनिअभियंत्यांच्या शाखेनेही जतनासाठी प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलच्या रूपात काढून ठेवण्याची शिफारस केली आहे. या फाइल्स कोणत्याही होस्टमध्ये आणि कोणत्याही संगणकावर उघडतात.

करायचे ते फार नाही. गाणे संपले की प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून बाउन्स करावा, म्हणजे ऑडिओ फाइलच्या रूपात काढावा, एकदा इफेक्टसह आणि एकदा इफेक्टशिवाय. मिडी फाइल वेगळी जपावी. प्लगिनचे नाव, आवृत्ती आणि प्रीसेट लिहून ठेवावे, महत्त्वाच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट घ्यावा. इन्स्टॉलरची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. आणि ज्या छोट्या निर्मात्याचे प्लगिन रोज वापरतो, त्याला मोबदला देण्यात हात आखडता घेऊ नये. ते प्लगिन पुढे चालू राहणे त्यावरच अवलंबून आहे. ज्यांच्या संगणकात जुनी गाणी प्रोजेक्टच्या रूपात पडून आहेत, त्यांनी पुढच्या अपडेटचे बटण दाबण्याआधी ती उघडून बाउन्स करून घ्यावीत.